दीड विटेची भिंत

देवघराच्या कोनाड्याखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाला फुगा आला होता. जुन्या रुपयाएवढा. मी अंगठ्याने दाबला तर पापुद्रा फुटला आणि आतून पांढरी भुकटी ओघळली, तांदळाच्या पिठीसारखी मऊ. सासूबाई, म्हणजे माई, शेजारीच पाटावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी वाकून चिमूटभर भुकटी उचलली, जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाल्या, "खारट लागतंय. लोणा धरलाय गं भिंतीने."

ही २०१७ च्या श्रावणातली गोष्ट. त्या एका भिंतीवर आम्ही तोवर तेवीस वर्षं पैसे घालत आलो होतो.

आमचं घर ठाण्यात, खारकर आळीत. तलावपाळीवरून चालत निघालं की पाच-सात मिनिटांत येतं. स्वातंत्र्याच्या आधीचं, बैठं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, सगळं चुन्यात बांधलेलं, डोक्यावर मंगलोरी कौलं. देवघराची भिंत दीड विटेची, म्हणजे चौदा इंच जाड. एप्रिलच्या दुपारी तिला पाठ लावून बसलं की माठाला टेकल्यासारखं वाटतं. मी १९८९ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा रस्त्यावरून ओट्यावर यायला चार पायऱ्या होत्या. शालू सावरत चढले होते, म्हणून पक्क्या लक्षात आहेत. आज दीड पायरी उरली आहे. पायऱ्या कुणी काढल्या नाहीत. रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी थरावर थर चढत गेले, मग काँक्रीट झालं. शेजारच्या वाड्याच्या जागी सात मजली इमारत आली आणि तिच्या आवारात दोन फूट भर पडली. घर होतं तिथेच राहिलं, भोवतालची जमीन वर आली. पावसाचं पाणी पूर्वी आमच्या अंगणातून रस्त्याकडे जायचं, ते रस्त्याकडून आमच्या अंगणात यायला लागलं.

तेव्हा ओल नव्हती असं नाही. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात ती भिंत खालून वीतभर काळवंडायची. पण कुणी तिच्याकडे फारसं लक्ष द्यायचं नाही. गणपती व्हायचे, पितृपंधरवडा सरायचा, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की भिंत आपली आपण वाळायची. दसऱ्याच्या आधी अण्णा, माझे सासरे, मागच्या दारी पिंपात चुना विझवत. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की पिंप रटरटायला लागायचं आणि अण्णा पोरांना ओरडून लांब करायचे, डोळ्यांत थेंब उडेल म्हणून. त्यात थोडा सरस, थोडी नीळ. कुंचल्याने दोन हात मारले की घर उजळायचं. पुढे आठ दिवस जो भिंतीला टेकेल त्याची पाठ पांढरी.

१९९४ मध्ये धाकट्या दिरांचं लग्न ठरलं आणि घर नीट करायला काढलं. मुलीकडची माणसं येणार, भिंतीला टेकून उठली की कपड्यांना चुना लागणार, हे नको होतं. जुना गिलावा पडायलाही आला होता. तो सगळा उतरवून सिमेंटचा केला, वर पुट्टी, वर चकचकीत ऑइल पेंट. त्याच महिन्यात अंगणात सिमेंटचा कोबा घालून शहाबादी फरशी बसवली, कारण मांडव तिथेच पडायचा होता. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो ही माईंची जन्माची तक्रार होती, तीही मिटली. आम्ही सगळे त्या कामावर मनापासून खूश होतो. मी स्वतः फडकं घेऊन तो ऑइल पेंट पुसायचे आणि चकाकी बघत उभी राहायचे.

ओल पुढच्याच पावसाळ्यात वीतभराची हातभर झाली. आणि दिवाळीला उतरली नाही.

मग जे सगळे करतात ते आम्हीही केलं. आधी पोपडे खरवडून वॉटरप्रूफ रंग. तो एक पावसाळा टिकला. मग पीओपी. पीओपी म्हणजे जिप्सम, त्याला पाणी चालत नाही, ते ओलीने फुगून भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमच्या ओट्यापर्यंत पाणी आलं होतं. त्यानंतर भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. दोन वर्षं शांतता. तिसऱ्या वर्षी टाइल्सच्या वरच्या कडेला, अगदी पट्टीने आखावी तशी, ओलीची रेघ उमटली. पाणी टाइल्सच्या मागून वर चढलं होतं. शेवटी २०१४ मध्ये एका कंत्राटदाराने टाइल्स काढून प्लायवूडचं पॅनेलिंग करून दिलं, दहा वर्षांच्या हमीसकट. हमीचा कागद अजून आमच्या कपाटात आहे. तीन वर्षांत प्लायला वाळवी लागली. ते उचकटलं तेव्हा मागे काळ्या बुरशीचे गोल गोल ठसे होते, आणि जो कुबट वास आला तो माईंच्या खोलीतल्या वासासारखाच होता. माईंचा पलंग देवघराला लागूनच्या खोलीत होता.

माईंना खोकला होता. पावसाळा लागला की रात्री एक-दीडला सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत त्या उशीला टेकून बसून राहायच्या. पंप आला, वाफारे आले, ज्येष्ठमध आला. एका डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात ओल आहे का?" मी म्हटलं, "थोडीशी आहे, जुनं घर आहे ना." हे उत्तर मी इतक्या सहज दिलं याचं मला आजही वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात श्वसनाचे विकार आणि दमा यांचा ओल्या घरांशी असलेला संबंध स्पष्ट मांडला आहे. मी वाचली तेव्हा उशीर झाला होता. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कान उघडे ठेवायला काही वाचावं लागत नव्हतं.

त्या श्रावणात मुलगा घरी होता. त्याने माईंच्या हातातली वात घेतली, तेलाच्या वाटीत तिचं टोक बुडवलं आणि मला म्हणाला, "बघ, तेल कसं चढतंय." विटेच्या आत केसाहून बारीक छिद्रं असतात, जमिनीतलं पाणी त्यांतून असंच वर ओढलं जातं. याला केशाकर्षण म्हणतात. पाणी वर येतं आणि येताना जमिनीतले, विटांतले क्षार विरघळवून आणतं. भिंतीला पाणी बाहेर सोडायला वाव असेल तर ते वाफ होऊन जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. तो लोणा. वाव नसेल तर पाणी आणखी वर सरकतं. क्षार रंगाच्या आणि गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे खडे वाढतात आणि विटेची कड भुसभुशीत करून टाकतात. पोपडे निघतात ते या खड्यांनी ढकलल्यामुळे.

त्याने आणखी एक केलं. पारदर्शक प्लॅस्टिकचे वितीएवढे दोन चौकोन कापले, एक देवघराच्या भिंतीवर, एक माईंच्या खोलीत कपाटामागे वरच्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी टेप मारून चिकटवले. दोन दिवसांनी पाहिलं. देवघरातल्या चौकोनाला आतून, भिंतीकडच्या बाजूने, थेंब जमले होते. माईंच्या खोलीतल्या चौकोनाला थेंब बाहेरून, खोलीच्या बाजूने. म्हणजे एका घरात दोन वेगळ्या ओली होत्या आणि आम्ही दोन्हींना एकच औषध लावत होतो. खोलीतली ओल हवेची होती. पावसाळाभर आम्ही तिथे दोरीवर ओले कपडे वाळत घालायचो आणि दारं-खिडक्या लावून घ्यायचो. कपड्यांतलं पाणी हवेत, हवेतलं पाणी गार भिंतीवर. दोरी तिथून हलवली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, एक छोटा पंखा बसवला. ती ओल त्याच पावसाळ्यात गेली. याला पाचशे रुपयेसुद्धा लागले नसतील, पंखा सोडून.

देवघराच्या भिंतीसाठी माणूस मिळायला वर्ष गेलं. जो यायचा तो आतून लावायचं काहीतरी घेऊन यायचा. शेवटी आळीतल्याच एका मंदिराच्या दुरुस्तीवर काम करणारे गवंडी मामा भेटले, सातारकडचे, सत्तरीला आलेले. ते घरात आलेच नाहीत. आधी बाहेरून भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, पन्हळीखाली उभे राहिले, फरशीवर टाच आपटली. मग आत येऊन भिंतीवर बोटांच्या पेरांनी वाजवत गेले. टण, टण, आणि मग बद. "वैनी, इथनं आवाज बद येतोय. गिलावा सुटलाय, निस्ता रंगानं धरलाय." मग म्हणाले, "आतलं नंतर बघू. आदी बाहेर फोडायचं."

आमच्या अंगणातला कोबा भिंतीला अगदी चिकटून होता. पूर्वी मातीच्या अंगणात मुरलेलं पाणी उन्हाने वाफ होऊन वर निघून जायचं. कोब्याने ती वाट बंद केली. खालच्या ओल्या मातीला उरली एकच वाट, जोत्याच्या दगडांच्या सांध्यांतून भिंतीत. आणि भिंतीला आम्ही दोन्ही अंगांनी सिमेंट आणि ऑइल पेंट चोपडलेला. मामांनी २०१८ च्या दसऱ्यानंतर भिंतीच्या कडेने दोन फूट रुंद पट्टा फोडून काढला. दीड फूट खणलं तेव्हा पन्हळीचा पाइप जिथे जमिनीत शिरतो तिथला सांधा उघडा पडला. फुटलेला. १९९४ पासून असेल किंवा नंतर कधीतरी गेला असेल, पण कौलांवरचं निम्मं पाणी दर पावसाळ्यात नालीत जायच्या ऐवजी जोत्याच्या पायाशी सांडत होतं. मामा काही बोलले नाहीत. कोबा घालायचा निर्णय ह्यांचा होता. हे त्या खड्ड्याच्या कडेला बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

पाइप बदलला. चरीत उताराने भोकांचा पाइप टाकून तो रस्त्याकडच्या नालीला दिला, वर खडी भरली. कोब्याचा बाकीचा भाग घराच्या उलट दिशेला उतार देऊन केला. आतून पाच फुटांपर्यंत सगळा सिमेंटचा गिलावा उतरवला, ओल जिथवर दिसत होती त्याच्याही दीड फूट वर. कारण क्षार गिलाव्यात मुरलेले असतात आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतात. तो तसाच ठेवला असता तर खालचं पाणी तोडूनही भिंत पावसाळ्यात ओलीच दिसली असती. सांध्यांतला कुजलेला चुना खरवडला. आणि मग मामा म्हणाले, आता काही करायचं नाही.

"म्हणजे?"

"म्हंजे वाळू द्यायची."

जाड भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते, असा बांधकामातला ठोकताळा आहे. आमची चौदा इंच. चौदा महिने, आणि त्यातून ठाण्याचा पावसाळा वजा करायचा. म्हणजे दोन उन्हाळे. पाहुण्यांच्या समोर, देवघरात, उघड्या विटांची भिंत. ह्यांना ते फार लागलं. माई मात्र तयार होत्या. त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला सव्वा महिना देता ना? हिला दोन वर्षं द्या."

उघड्या विटांवर रोज सकाळी लोण्याचा पांढरा थर फुलायचा. मामांनी बजावून ठेवलं होतं की पाण्याने धुवायचं नाही, नाहीतर तो विरघळून परत आत जातो. कोरडाच झाडायचा. ते काम माईंनी घेतलं. पूजा आटोपली की बारका कुंचा घेऊन त्या स्टुलावर बसायच्या, विटन् वीट झाडायच्या, पडलेली भुकटी सुपलीत भरून मला द्यायच्या, मी ती घराबाहेर टाकून यायची. पहिल्या महिन्यात रोज मूठभर निघायची. होळीपर्यंत चिमूट. भिंतीला लागून देवघराच्या दाराची सागवानी चौकट आहे, तिच्या एका अंगाला मुलाच्या उंचीच्या जुन्या खुणा होत्या. दुसऱ्या अंगाला माई ओलीच्या कडेची रेघ ओढू लागल्या, पेन्सिलीने, आणि तिच्यापुढे तिथी. पहिली रेघ कोजागरीची, माझ्या खांद्याच्या खाली. त्रिपुरी पौर्णिमेची त्याहून चार बोटं खाली. रथसप्तमीची कमरेला.

या काळात मी चुन्याविषयी मिळेल ते वाचत होते. चुनखडी किंवा शिंपले, कोकणपट्टीत शिंपल्यांचाही चुना करत, भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो. पाणी घातलं की विझतो. भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश पुन्हा चुनखडीच होतो. अण्णा दसऱ्याला कुंचल्याने लावायचे तो पातळ केलेला दगडच होता म्हणायचा. तो सिमेंटइतका घट्ट नसतो, आणि इथे तोच त्याचा गुण आहे. ओल त्यातून वाफ होऊन निघून जाऊ शकते. वीट, माती, लाकूड, चुना ही सगळी सारख्या स्वभावाची माणसं आहेत, पाणी घेतात आणि सोडतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं. ठाण्याचा किल्ला, जिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे, मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. त्याच्या बाजूने मी हजारदा गेले असेन. त्या भिंती सिमेंटच्या किती आधीच्या, हा विचार आता पहिल्यांदा मनात आला.

सिमेंटला मी दोष देत नाही. आरसीसीच्या इमारतीत राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे ओल बहुतेक वेळा वरच्या बाथरूममधून, गच्चीतून नाहीतर बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून येते, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. तिथे चुना लावून काहीही होणार नाही, गळती शोधावी लागेल आणि वरच्या मजल्यावरच्यांशी बोलावं लागेल. पण जुनं घर चुन्यात बांधलेलं असेल तर त्याला सिमेंटचा गिलावा देऊ नका. हे मी ओळखीच्या प्रत्येकाला हात धरून सांगते.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही रोज जीव मुठीत धरून भिंत बघत होतो. ओल वीतभर चढली, तिथेच थांबली आणि नवरात्रात उतरली. जानेवारीत मामा चुना घेऊन आले. मागच्या दारी अण्णांच्याच जागी पिंप मांडलं. विझवलेला चुना तीन आठवडे पाण्याखाली मुरत ठेवला, मग वाळू आणि विटांची सुरखी. वाळू आल्यावर मामांनी आधी चिमूट जिभेला लावली, माईंनी भुकटी लावली होती अगदी तशीच. खाडीची वाळू खारी असते, ती भिंतीत गेली तर आपणच लोणा भरून ठेवल्यासारखं. ही नदीची होती. हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी मामांनी हट्टाने घातलं, त्यांच्या वडिलांची रीत म्हणून. त्या पाण्याचा आंबूस वास सुटला तेव्हा माई आतून काठी टेकत बाहेर आल्या आणि पिंपाशी उभ्या राहिल्या. "अशाच वासाचं घर होतं हे," एवढंच म्हणाल्या.

गिलाव्याचा शेवटचा हात मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात झाला. पंधरवड्याच्या आत लॉकडाऊन लागला. मामा गावी निघून गेले. गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून ओलं गोणपाट लावून ठेवायचं, दिवसातून तीनदा शिंपडायचं, हे सगळं फोनवरून विचारत विचारत आम्ही चौघांनी केलं. मे महिन्यात ह्यांनी चुना विझवला, निळीची पुडी माईंनी हाताने सोडली.

त्यानंतरचे दोन पावसाळे माईंनी बघितले. खोकला गेला असं म्हणणार नाही, त्या नव्वदीच्या जवळ होत्या. पण रात्री उठून बसणं कमी झालं, आणि एकदा गणपतीत सकाळी मला म्हणाल्या, "काल झोपले गं मी सबंध." मी चहाचं आधण ठेवत होते. पातेलं तसंच हातात धरून उभी राहिले.

२०२२ च्या माघात त्या गेल्या. चौकटीवरच्या रेघा मी पुसू दिल्या नाहीत. यंदा पाऊस मेपासूनच सुरू झाला, तेव्हा मला धाकधूक होती. नागपंचमीला ओल जोत्याच्या वर चार बोटं आलेली दिसली. कोनाड्यात, निरांजनाच्या मागे, माईंची ती पेन्सिल ठेवलेली असते, आता बोटाच्या पेराएवढी राहिली आहे. मी रेघ ओढली आणि पुढे नागपंचमी लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं वळणदार नाही. काल, अष्टमीला, गौरीचे मुखवटे काढायला गेले तेव्हा चटई सरकवून पाहिलं. त्या रेघेच्या खाली दोन बोटं भिंत कोरडी झाली होती, आणि हाताला चुना लागला.